जैसलमेरचा वीकेंड, २८ किलोमीटर आणि आम्ही दोघं

लाँग रन शनिवारी पहाटे. जैसलमेरला दोघं मिळून जाणार असाल आणि तुमच्यापैकी एकाच्या डोक्यात मुंबई मॅरेथॉन असेल, तर आधी एवढं ठरवून टाका. बाकीचं त्याच्या मागून जुळत जातं.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. म्हणजे २८ ते ३२ किलोमीटरचे मोठे रन येतात डिसेंबरच्या मध्याला, आणि वाळवंटात जाण्यासारखी हवाही तेव्हाच असते. मी धावते, नवरा धावत नाही. तो स्केचिंग करतो. ठाण्यात वर्षभर माझ्या रविवारच्या गजरांशी त्याने जमवून घेतलेलं असतं, त्यामुळे सुट्टीतही ‘आलेच तीन तासांत’ म्हणून निघून जाणं मला पटत नाही. रन सोडून देणंही पटत नाही, कारण डिसेंबरातला एक मोठा रन गेला की त्याची भरपाई करायला पुढे आठवडेच उरत नाहीत. आमची रीत ठरली आहे: रन जिथे संपेल तिथून आमचा दोघांचा दिवस सुरू झाला पाहिजे. हॉटेलातून निघून हॉटेलातच परतलं, की जोडीदाराची सकाळ वाट बघण्यात जाते.

घरी असतानाच एकदा नीट बोलून घ्या, आणि पूर्ण हिशोब सांगा. माझ्या वेगाने २८ किलोमीटरला सव्वातीन तास लागतात. पण आदल्या रात्री साडेनऊला झोपणं, साधं जेवणं आणि दुपारची झोप, हेही त्या रनचंच आहे. हे न सांगता गेलात तर शुक्रवारी रात्री गच्चीवरच्या रेस्टॉरंटात, समोर दिवे लावलेला किल्ला असताना, ‘चला, झोपू या’ म्हणायची वेळ येते. मग समोरच्याला काय हवंय ते विचारा. माझ्या नवऱ्याने दोनच गोष्टी मागितल्या: “पहाटे मला उठवू नकोस, आणि परत आल्यावर घड्याळातले आकडे बघत बसू नकोस.” तेव्हापासून स्ट्राव्हा, म्हणजे रनची नोंद ठेवणारं ॲप, सोमवारी उघडायचं, असा नियम आहे.

शुक्रवारची रजा घ्याच. विमानाने जोधपूरला उतरलात तर पुढे २८० किलोमीटर रस्ता आहे, जवळजवळ पाच तास गाडीत. असे पाय आखडून रात्री दहाला पोचायचं आणि पहाटे २८ किलोमीटर पळायचं, हे मी कुणालाच सुचवणार नाही. दुपारपर्यंत पोचा आणि संध्याकाळी गडीसर तलावापर्यंत दोघं चालत जा. पाय मोकळे होतात. पटवों की हवेली बघायची असेल तर तीही शुक्रवारीच बघून टाका. पाच हवेल्यांचा तो समूह एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधायला घेतला, त्यातले जिने अरुंद आणि उंच पायऱ्यांचे आहेत, आणि मोठ्या रननंतर ते उतरताना मांड्या बोलायला लागतात.

राहायचं किल्ल्याच्या खाली. किल्ल्यात राहण्याचा मोह होतो, मला मान्य आहे. रावळ जैसलने ११५६ साली वसवलेल्या या किल्ल्यात आजही लोक राहतात, अशी जागा रोज मिळत नाही. पण किल्ला उभा आहे तो मऊ, थरांच्या खडकावर. आत हॉटेलं वाढली, पाण्याचा वापर वाढला, ते पाणी पायात मुरत गेलं आणि बुरूज ढासळले. धावणारा माणूस दिवसातून दोनदा आंघोळ करतो, वर कपडे धुतो. आपण खालीच राहावं. खाली राहिल्याने रस्त्यालाही लगेच लागता येतं. किल्ल्यातल्या दगडी फरशा शतकानुशतकांच्या पावलांनी गुळगुळीत झाल्या आहेत आणि अंधारात त्यांचा उतार धोक्याचा आहे.

हॉटेलवाल्याला रात्रीच सांगून ठेवायच्या गोष्टी: सकाळी पावणेसहाला थर्मासमध्ये चहा, दोन उकडलेले बटाटे, केळी, आणि फाटक उघडायला कोणीतरी. लहान हॉटेलांत रात्री फाटकाला कुलूप लागतं आणि किल्ली रखवालदाराच्या उशाखाली असते. त्याच्याशी स्वतः बोला. रात्रीचं जेवण कढी-भात किंवा मुगाची खिचडी, फार तर फुलके. केर-सांगरी, गट्टे, तुपात बुडालेली बाजऱ्याची भाकरी, सगळं खायचं आहे, पण शनिवारी. बाजऱ्याचा कोंडा आणि तिखट लाल मिरची पोटात घेऊन लांब पळता येत नाही.

आता रस्ता. मी वेगवेगळे विचार केले आणि शेवटी हाच पक्का केला. पहिला तुकडा शहरातून उत्तरेला बडा बागपर्यंत, साधारण सहा किलोमीटर, आणि तिथून परत. हे झाले १२. वाटेत हॉटेलात दहा मिनिटं थांबायचं: जॅकेट आणि हेडलॅम्प ठेवायचा, बाटल्या भरायच्या, चहाचे दोन घोट. मग हनुमान चौकातून वायव्येला, अमरसागरवरून थेट लोद्रव्यापर्यंत, साधारण १६ किलोमीटर. एकूण २८. हॉटेल कुठे आहे त्यावर थोडं कमी-जास्त होईल, तेवढं आधी नकाशात मोजून घ्या. ३२ हवे असतील तर सुरुवातीला किल्ल्याभोवतीच्या रस्त्याच्या फेऱ्या मारा.

सम गावाच्या रस्त्यावर लाँग रन करू नका. वाळूच्या टेकड्यांकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या जीपा तिथे सुसाट असतात, शिवाय लष्कराचे ट्रक. लोद्रव्याचा रस्ता त्या मानाने शांत आहे.

वेळेचं गणित ठाण्यापेक्षा वेगळं आहे, कारण जैसलमेर बरंच पश्चिमेला आणि उत्तरेला आहे. डिसेंबरच्या मध्याला आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास वर येतो, तिथे जवळजवळ साडेसात होतात. नीट दिसायला लागतं सातला. म्हणून ठाण्याजवळ येऊरला पाचला सुरू करायची सवय असली तरी इथे साडेसहाच्या आधी बाहेर पडायचं कारण नाही. पहिला अर्धा तास दिवे असलेल्या भागात काढायचा, म्हणजे गावाबाहेर पडेपर्यंत उजाडतं. बडा बागला वळताना राजघराण्याच्या समाधी-छत्र्यांमागून उजेड येतो आणि पलीकडे पवनचक्क्या फिरत असतात. आत जायचं नाही, बाहेरूनच वळायचं. ती जागा मी नवऱ्यासाठी राखून ठेवते. तिथे त्याला निवांत तास-दोन तास बसायचं असतं.

थंडी असते, पहाटे ८-१० अंश. त्यामुळे पहिले पाच किलोमीटर फार छान वाटतं आणि पाय आपोआप वेगात जातात. आवरा. मुंबईच्या दमट हवेत ज्या श्रमाला साताचा पेस (किलोमीटरला सात मिनिटं) मिळतो, त्याच श्रमाला इथे पावणेसाताचा मिळेल, तो घ्या. मुद्दाम ढकलून सव्वासहा करू नका.

सगळ्यात जास्त सांभाळायचं ते पाणी, आणि ते कळत नाही म्हणूनच सांभाळायचं. ठाण्यात उपवनला धावताना टोपीच्या टोकावरून घाम ठिबकतो, आपल्याला कळतं की अंगातलं पाणी चाललंय. इथे हवा इतकी कोरडी आहे की घाम फुटल्याफुटल्या वाळतो. टी-शर्ट कोरडा, कपाळ कोरडं, फक्त कानशिलाजवळ बोट फिरवलं की मिठाची रवाळ पांढरी पूड लागते. तहानही उशिरा लागते. म्हणून घड्याळावर पाणी प्या: दर वीस मिनिटांनी चार-पाच मोठे घोट, तहान असो नसो. मी निघताना एक लिटर घेते, हॉटेलात पुन्हा एक लिटर भरते, आणि दुसऱ्या लिटरमध्ये ओआरएसचं मोठं पाकीट टाकते. अमरसागरला दुकान उघडं असेल हे धरून चालू नका. खाण्याचं तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट हे गणित इथेही तेच. एनर्जी जेल घ्या, नाहीतर खजूर आणि राजगिऱ्याची चिक्की. मात्र चिक्कीसोबत पाणी हवंच, कोरड्या तोंडात ती गिळवत नाही. नाकपुड्यांना आतून आणि ओठांना व्हॅसलीन लावा, आणि सुरुवातीच्या थंडीत तोंडावर बफ (गळ्यात घालायची कापडी पट्टी) ओढा. घसा वाचतो.

रस्ता सोडून कडेच्या मातीत उतरू नका. वेड्या बाभळीचे काटे आणि गोखरू बुटाच्या तळव्यातून आत येतात. उजव्या बाजूने पळा, समोरून येणारी गाडी दिसली पाहिजे. ढाण्यांजवळ, म्हणजे रस्त्यालगतच्या छोट्या वस्त्यांजवळ, कुत्री अंगावर येतात. पळणं थांबवून चालत पुढे जायचं, त्यांच्याकडे टक लावून बघायचं नाही. हा सीमेजवळचा जिल्हा आहे, ओळखपत्र जवळ ठेवा आणि लष्करी ठाण्यांचे फोटो काढू नका.

बाईमाणसासाठी दोन शब्द वेगळे. मी पूर्ण लांबीची टाइट्स, वर सैल लांब बाह्यांचा टी-शर्ट आणि टोपी घालते. थंडी, ऊन आणि गावातून जाताना स्वतःला वाटणारा मोकळेपणा, तिन्ही साधतं. लाइव्ह लोकेशन नवऱ्याच्या फोनवर चालू असतं आणि हॉटेलवाल्याला रस्ता सांगितलेला असतो. एवढ्यानेही धाकधूक वाटत असेल, तर दुसऱ्या तुकड्यासाठी एखादी रिक्षा ठरवून मागेपुढे ठेवा. त्यात कमीपणा काही नाही.

आणि आता त्याची सकाळ. मी आठच्या सुमाराला हॉटेलात येऊन जाते तेव्हा तो उठलेला असतो, किंवा उठायच्या बेतात असतो. उन्हं पिवळ्या दगडावर पडतात ती हीच वेळ. तो गच्चीवर वही घेऊन बसतो. सव्वानऊच्या पुढे ठरवलेली टॅक्सी येते. साधारण २५व्या किलोमीटरला गाडी मला गाठते, खिडकीतून थंड पाण्याची बाटली मिळते आणि गाडी पुढे जाते. तोवर मी पुरती रडकुंडीला आलेली असते, आणि त्या बाटलीसाठी मी त्याची जन्मभर ऋणी आहे.

त्याच्याबरोबर एक पिशवी पाठवायची: कोरडे कपडे, शाल, चपला, टॉवेल, चहा, आणि जमलं तर दही. थांबल्याबरोबर अंग गार पडतं, म्हणून फोटो वगैरे नंतर, आधी गाडीत बसून टी-शर्ट बदला. लोद्रवा ही जैसलमेरच्या आधीची भाटी राजपुतांची राजधानी, आणि तिथलं पार्श्वनाथाचं जैन मंदिर बघूनच तर दिवसाची सुरुवात करायची आहे. आत तोकड्या कपड्यांत जाऊ नये, चामड्याच्या वस्तू आणि खाणं गाडीतच ठेवावं. प्रवेशापाशी कोरीव तोरण आहे, त्यापुढे तो तासभर हलत नाही, आणि तेवढ्या वेळात मला सावलीच्या गार फरशीवर अनवाणी पाय पसरायला मिळतात. दोघांनाही घाई नसते. परतीला शहरात दाल-पकवान, वर घोटुवा लाडू. मग आंघोळ आणि दोन तास झोप.

संध्याकाळी सम. वाळूत पळू नका. कठीण जमिनीपेक्षा वाळूत पळायला दीडपटीहून जास्त ताकद लागते आणि पिंडऱ्या आधीच भरलेल्या असतात. उंटावर बसणंही मी टाळायला सांगेन. रुंद पाठीवर मांड्या ताणून बसल्यावर जांघा दुसऱ्या दिवशी हलू देत नाहीत. उंटगाडी करा, दोघांना शेजारी बसताही येतं. तंबूतला मुक्काम, गाणी, उशिराचं तिखट जेवण, आता सगळं मोकळं आहे. रन रविवारी ठेवला असता तर यातलं काहीच जमलं नसतं. रन सकाळ-संध्याकाळ असा विभागला असता तरी दिवसाची दोन्ही टोकं त्यातच गेली असती.

रविवार त्याचा. आम्ही समहून तसेच पुढे डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये गेलो, माळढोक पक्षी बघायला. सोलापूरजवळच्या नान्नजला तो आता जवळजवळ दिसतच नाही, इथे अजून आशा आहे. दुखऱ्या पायांना जीपमध्ये गप्प बसून राहणं मानवतं. परतीच्या पाच तासांच्या रस्त्यात दर तासाला गाडी थांबवून पाच मिनिटं चाला, कॉम्प्रेशनचे मोजे घाला, पाणी पीत राहा. सोमवारी पळायचं नाही. मंगळवारी हलके पाच किलोमीटर, तेही पाय हो म्हणाले तर.