काचबिंदू : ‘दिसतंय की नीट’ म्हणून थेंब थांबवू नका

काचबिंदूचं निदान झालं तेव्हा माझी आई चष्मा लावून पेपर आरामात वाचत होती. महिन्याने थेंबांची बाटली संपली, तिने नवी आणलीच नाही. ‘थेंब टाकून काही फरक पडला नाही,’ असं तिचं म्हणणं. फरक जाणवणारच नव्हता. हे थेंब नजर सुधारत नाहीत. डोळ्यातला दाब कमी ठेवून उरलेली नजर राखतात. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. सहा महिन्यांनी फील्ड टेस्ट (नजर कडेपर्यंत कुठे-कुठे शाबूत आहे, याची तपासणी) झाली, तेव्हा डाव्या डोळ्याचा नाकाकडचा भाग कागदावर आणखी काळा दिसला. तो काळाच राहिला.

डोळ्याच्या आत सतत पाणी (अश्रू नव्हे) तयार होतं आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून निचरून जातं. निचरा अडला की दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी नस सुकत जाते. बहुधा आधी कडेची नजर जाते, समोरचं बराच काळ स्वच्छ दिसतं. शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. त्यामुळे ‘मला सगळं दिसतं’ ही खात्री इथे उपयोगाची नाही.

‘पिकू दे, मग ऑपरेशन करू’ हे मोतीबिंदूबद्दलचं बोलणं काचबिंदूला लावणं ही फार महागात पडणारी चूक. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते बदलता येतं. सुकलेली नस बदलता येत नाही.

चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे डोळे तपासून झाले, असंही नाही. नुसता दाब मोजूनही भागत नाही. १० ते २१ मिमी (पारा) हा दाब साधारण धरतात, पण त्या मर्यादेतही काहींची नस खराब होते. चाळिशीनंतर बाहुली मोठी करून नस बघून घ्या. त्या दिवशी काही तास धूसर दिसतं, सोबत कुणाला तरी न्या.

आता थेंबांबद्दल, कारण घरोघरी गडबड होते ती इथेच. खालची पापणी ओढून एकच थेंब टाका. जास्तीचा गालावरच येतो. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं हलकेच दाबून धरा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये किमान ५ मिनिटं जाऊ द्या. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहा. बऱ्याच बाटल्या उघडल्यावर महिनाभरच वापरायच्या असतात. दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, टिमोलॉलसारख्या थेंबांनी धाप वाढू शकते. आणि थेंब चुकले असतील तर तेही सांगा. तपासणीच्या आधी दोनच दिवस नेमाने टाकले तर दाब छान येतो, आणि डॉक्टरांना वाटतं सगळं ठीक चाललंय.

डोळे खाजतात म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने टाकणं तर थांबायलाच हवं. त्यानेही दाब वाढतो, लहान मुलांचासुद्धा. मुलाला ॲलर्जीचे थेंब चालू असतील तर त्यात स्टेरॉइड आहे का, हे आजच विचारा.

एक प्रकार मात्र गुपचूप येत नाही. डोळा लाल, असह्य ठणका, डोकेदुखी, उलट्या आणि दिव्याभोवती रंगीत कडी. पित्त किंवा अर्धशिशी समजून गोळी घेऊन झोपू नका. रात्र असली तरी नेत्रतज्ज्ञ असलेलं हॉस्पिटल गाठा, नजर काही तासांतही जाऊ शकते.

काचबिंदू घराण्यात चालतो. सख्ख्या भावंडांना आणि मुलांना धोका जास्त. आईच्या निदानानंतर मामाला तपासणीसाठी फोन केला तर तो म्हणाला, ‘मला काय झालंय? सगळं तर दिसतं!’ तिसऱ्यांदा मी फोन केलाच नाही, सरळ त्याच्या दारात रिक्षा उभी केली.