झोताची धार कशी मोडावी

बेळगाव-खानापूर भागातील हौशी मंडळांच्या नाटकांना लाईट बहुधा भाड्याने येतात आणि त्यांत दोन-तीन प्रोफाइल (नेमक्या कडेचा झोत टाकणारे दिवे), तेवढेच फ्रेनेल (मऊ कडेचा झोत टाकणारे) व उरलेले पार (साधे डबा-दिवे) असा मिसळीचा माल असतो. यांतील प्रोफाइलच सर्वाधिक त्रास देतो, कारण त्याची धारदार कड घराच्या नेपथ्यातील भिंतीवर कापल्यासारखी उमटते आणि नट एक पाऊल सरकला की त्याचा अर्धा चेहरा अंधारात जातो.

उपाय करण्यापूर्वी ही धार येते कुठून, हे समजून घ्यावे. दिव्याच्या आत गेट, म्हणजे प्रकाश जिथून जातो ती खिडकी, असते; शटर (झोत कापणारे पत्रे), आयरिस (झोत लहान-मोठा करणारी झडप) आणि गोबो (नक्षीची चकती) तिथेच बसतात, आणि पुढील भिंग त्या गेटची प्रतिमा मंचावर टाकते. म्हणजे भिंतीवर दिसणारी सरळ रेघ ही शटरच्या पत्र्याचीच स्पष्ट प्रतिमा असते. भिंग पुढे-मागे सरकवले की प्रतिमा अस्पष्ट होते आणि धार मोडते.

मात्र त्याआधी भिंग पुसावे. आमच्याकडे पावसाळाभर सामान गोदामात बंद राहते, भिंगावर धूळ आणि ओल बसते आणि दिवाळीनंतर तोच दिवा आपोआप ‘मऊ’ झालेला आढळतो. तो मऊपणा फसवा असतो. धूळ प्रकाश कडेपाशीच थांबू देत नाही, तो विंगांवर आणि पडद्यावरही सांडते. दिवा पूर्ण थंड झाल्यावर मऊ, कोरड्या कापडाने भिंग पुसावे. हॅलोजन बल्ब असेल तर त्याच्या काचेला उघडे बोट लावू नये.

यानंतर दिवा पूर्ण प्रकाशावर ठेवावा, रंगीत जिलेटिन (दिव्यापुढचा रंगाचा पातळ पडदा) काढून टाकावे आणि आधी कड जितकी तीक्ष्ण होईल तितकी करून शटर कापून घ्यावेत. मऊ कडेवर शटर लावणे म्हणजे धुक्यात बांध घालणे. मग भिंगाच्या नळीचा स्क्रू सैल करून नळी अगदी हळू सरकवावी. तीक्ष्ण जागेच्या एका बाजूला गेल्यास कडेवर निळसर झाक येते आणि दुसऱ्या बाजूला तांबूस. चेहऱ्यासाठी मी नेहमी तांबूस बाजू घेतो. निळी कड गालावर आली की नट आजारी दिसतो. दोन्ही बाजू प्रत्यक्ष पाहूनच निवड करावी, कारण नळी पुढे घेतल्यावर कोणती झाक येईल हे दिव्यागणिक बदलते.

मऊ झालेली कड मूळ रेघेच्या दोन्ही अंगांना पसरते, हे नवखे लोक विसरतात. ती वीतभर रुंद झाली, तर त्यातील सुमारे अर्धी वीत रेघेबाहेर जाते. म्हणून शटर तेवढे आत ढकलावे, नाहीतर दाराच्या चौकटीपुरता कापलेला प्रकाश शेजारच्या भिंतीवर चढतो.

नळी सरकवूनही धार पुरेशी मोडली नाही, किंवा रंगाची झाक डोळ्यांत खुपू लागली, तर फ्रॉस्ट, म्हणजे दिव्यापुढे लावायचा प्रकाश पसरवणारा धुरकट पडदा, वापरावा. रोस्को कंपनीचा ११९ क्रमांकाचा लाइट हॅम्बर्ग किंवा ली कंपनीचा २५३ क्रमांकाचा हॅम्पशायर फ्रॉस्ट पुरतो, त्यात झोताचा आकार बऱ्यापैकी टिकतो. लीचे २१६ क्रमांकाचे फ्रॉस्ट मात्र इतके दाट असते की शटर लावण्यालाच अर्थ उरत नाही. लीचा २२८ ब्रश्ड सिल्क एकाच दिशेने, त्यावरील रेषांच्या काटकोनात, प्रकाश पसरवतो, त्यामुळे फ्रेममध्ये तो फिरवून पाहावा. फ्रॉस्ट हाताशी नाही म्हणून बटर पेपर लावण्याचा मोह होतो. मीही एकदा लावला होता, आणि पहिला अंक संपण्याआधी तो तपकिरी होऊन कुरळला आणि जळका वास पुढच्या रांगेपर्यंत गेला. हॅलोजनसमोर कागद कधीच लावू नये.

फ्रेनेलचा प्रश्न सोपा आहे. त्यात गेट नसल्यामुळे कड मुळातच मऊ असते. ती अधिक सैल हवी असल्यास बल्ब भिंगाकडे सरकवून झोत रुंद करावा आणि बार्नडोअरकडून (दिव्यापुढच्या झोत अडवणाऱ्या झडपांकडून) रेघेची अपेक्षा ठेवू नये.

शेवटची पारख शिडीवरून करू नये. एकाला चेहऱ्यासमोर पांढरा कागद धरून दोन झोतांच्या सांध्यातून सावकाश चालायला सांगावे आणि आपण प्रेक्षकांत मधल्या रांगेत बसावे. कागद मध्येच काळवंडला तर झोत एकमेकांवर आणखी चढवावेत, आणि मध्ये जास्तच उजळला तर थोडे दूर न्यावेत. बेळगावच्या लोकमान्य रंगमंदिरासारख्या बंदिस्त नाट्यगृहात एकदा जमलेला सांधा प्रयोगभर टिकतो. गावच्या यात्रेतील मंचावर मात्र बांबूचा सांगाडा वाऱ्याने हलतो, म्हणून स्क्रू घट्ट आवळावा, साखळी अडकवावी आणि नळीवर खडूची खूण करून ठेवावी, म्हणजे मध्यंतरात कोणी दिव्याला हात लावला तरी तो पुन्हा त्याच जागी आणता येतो.