मिक्सर लावला की इन्व्हर्टर बंद पडतो? आधी बॅटरीवर मीटर लावा

मंगळवेढा, सांगोला, करमाळा भागातल्या कितीतरी वस्त्या गावापासून लांब, रानात आहेत. जिथं लाइनचा खांब पोचलेला नाही किंवा पोचूनही लाइट टिकत नाही, तिथं घर चालतं ते सोलर पॅनल, एक-दोन बॅटऱ्या आणि इन्व्हर्टरवर. या घरांतली नेहमीची तक्रार अशी: पंखा आणि बल्ब नीट चालतात, पण शेंगाचटणीसाठी मिक्सर लावला की इन्व्हर्टर बीप-बीप करतो आणि सगळं बंद. मग घरातलं कुणीतरी नवा, मोठा इन्व्हर्टर आणायला सोलापूरला निघतं.

एवढी घाई करू नका. अशा वेळी दोष बहुतेकदा इन्व्हर्टरच्या अलीकडे असतो, म्हणजे बॅटरीत, वायरीत नाहीतर ढिल्या नटात. तिथला दोष तसाच ठेवून मोठा इन्व्हर्टर जोडला, तर तोही तसाच बंद पडेल आणि कष्टाचा पैसा वाया जाईल.

तपासायला साधा डिजिटल मल्टीमीटर, पाना, हायड्रोमीटर (बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणारी नळी), रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा एवढं पुरे. हातातली अंगठी, कडं, घड्याळ आधी काढून ठेवा. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये धातू आला तर तो क्षणात लालबुंद होतो. बॅटरीजवळ बिडी-काडी नको. इन्व्हर्टरचा डबा मात्र उघडू नका. बंद केल्यावरही आत काही वेळ जीवघेणा करंट साठलेला असतो.

पायरी १ : लोड मोजा

इन्व्हर्टरवर ८५० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) लिहिलंय म्हणजे तो ८५० वॉट देतो असं नव्हे. पॉवर फॅक्टर, म्हणजे व्हीएमधला वॉटचा वाटा, ०.८ धरला तर हाती ६८० वॉटच येतात. त्यामुळे ७५० वॉटचा मिक्सर त्यावर चालणार नाही, त्यात इन्व्हर्टरचा दोष नाही. ५०० वॉटचा चालायला हवा. फ्रिज चालू असताना १००-१५० वॉटच घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो. म्हणून बाकी सगळं बंद करून, भांडं रिकामं ठेवून, मिक्सर एक नंबरवर फिरवून बघा. एकटा चालला आणि पंखा-टीव्हीसोबत बंद पडला, तर लोडच जास्त होतोय.

पायरी २ : चालू लोडवर व्होल्टेज बघा

खरं निदान इथं होतं. नुसत्या उभ्या बॅटरीला मीटर लावून १२.६ दिसलं म्हणून ‘बॅटरी झकास आहे’ असं म्हणू नका. थकलेली बॅटरीसुद्धा रिकाम्या हाताने १२.६ दाखवते. बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर, सूर्य मावळल्यावर ही तपासणी करा, म्हणजे पॅनलचा करंट आकड्यात मिसळणार नाही.

दोघं जण लागतील. एकाने मीटर डीसी व्होल्टवर ठेवून दोन्ही काड्या बॅटरीच्या शिशाच्या टोकांवर टेकवायच्या, दुसऱ्याने मिक्सर लावायचा. १२ व्होल्टची चांगली १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरी अशा वेळी १२ च्या आसपास टिकून राहते. आकडा भराभर ११ च्या खाली घसरत गेला, तर बॅटरी दमली आहे. साधारण १०.५ ला इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, आणि तसं होणं बॅटरीच्या भल्याचंच असतं.

आता हेच इन्व्हर्टरच्या डीसी टोकांवर, म्हणजे बॅटरीची वायर जिथं येऊन जोडली आहे तिथं, मोजा. बॅटरीवर १२ आणि इन्व्हर्टरवर ११.२ असेल, तर मधले ०.८ व्होल्ट वायर आणि जोड खातायत. ५०० वॉटच्या मिक्सरला १२ व्होल्टच्या बाजूने जवळपास ५० अँपिअर लागतात. बॅटरी इन्व्हर्टरपासून ३ मीटर लांब आणि वायर १० चौरस मिलिमीटरची असेल, तर जाण्यायेण्यात अर्धा व्होल्ट वायरीतच जातो. २५ चौरस मिलिमीटरची घेतली, किंवा बॅटरी जवळ आणली, की ही गळती निम्म्याहून कमी होते.

नेमका खराब जोड असा सापडतो: एक काडी बॅटरीच्या टोकावर, दुसरी त्यावर बसवलेल्या थिंबलवर (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीवर), आणि मिक्सर चालू. आकडा जवळपास शून्य हवा. ०.३ किंवा ०.४ दिसला, तर चोर तिथेच आहे. हात लावून बघितलं तर तो जोड गरमही लागेल.

पायरी ३ : जोड साफ करा

आधी पॅनलकडची लाइन बंद करा, मग इन्व्हर्टर, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि शेवटी पॉझिटिव्ह. पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा. ते पाणी सेलमध्ये, म्हणजे बॅटरीच्या आतल्या कप्प्यांत, जाऊ देऊ नका. कोरडं करून पान्याने आवळा, मग वरून व्हॅसलीन लावा. जोडताना उलटा क्रम.

पायरी ४ : बॅटरीचं पाणी

मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ च्या पुढे जातो, तेव्हा दर पंधरा दिवसांनी पातळी बघा. फक्त डिस्टिल वॉटर घाला. बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटांचं कायमचं नुकसान करतात. पूर्ण चार्ज बॅटरीत हायड्रोमीटर साधारण १.२५ च्या आसपास दाखवतो. पाच सेल बरोबर आणि एकच ०.०५ पेक्षा जास्त मागे असेल, तर त्या बॅटरीवर आणखी खर्च करू नका. दोन बॅटऱ्यांच्या सेटमध्ये एक जुनी, एक नवी जोडणंही टाळा. जुनी नवीला ओढून खाली आणते.

पायरी ५ : मिक्सर चालतो, पण छोटा बल्ब लुकलुकतो

हे ऐकून लोक चक्रावतात. काही इन्व्हर्टरमध्ये वीज वाचवायला सर्च किंवा पॉवर सेव्ह मोड असतो. ठरावीक लोड दिसेपर्यंत तो झोपलेला राहतो, अधूनमधून फक्त चाचपून बघतो. ५ वॉटचा एलईडी किंवा मोबाइलचा चार्जर त्याला जाणवतच नाही. सेटिंगमधून तो मोड बंद करा, बल्ब स्थिर होईल.

पण त्याची किंमतही जाणून घ्या. इन्व्हर्टर रिकामा चालू असतानाही वीज खातो. २० वॉट धरले तर चोवीस तासांत ४८० वॉट-तास. १५० एएच बॅटरीत १८०० वॉट-तास मावतात, त्यातले निम्मेच वापरणं बॅटरीला मानवतं. म्हणजे हाताशी असलेल्या ९०० पैकी निम्म्याहून जास्त वीज कुणाच्याही उपयोगाविना जाते. म्हणून माझा आग्रह आहे की रात्रीचा दिवा आणि मोबाइल चार्जिंग १२ व्होल्ट डीसीवर, फ्यूज घालून थेट बॅटरीवर घ्या आणि झोपताना इन्व्हर्टर बंद करा.

पंखा घुंघुं करत असेल, मिक्सर लवकर तापत असेल, तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे लाइनसारखी गुळगुळीत नव्हे तर चौकोनी लहरींची वीज देणारा, आहे का बघा. पंखा-मिक्सरसारख्या मोटारींना लाइनसारखी वीज देणारा प्युअर साइन वेव्हच मानवतो. इन्व्हर्टर दुपारीच बंद पडत असेल, तर त्याला पत्र्याखालून हलवा आणि जाळीतली धूळ झटका.

एवढं करूनही, लोड मर्यादेत आणि इन्व्हर्टरच्या टोकावर १२ व्होल्ट टिकत असताना तो बंद पडला, तर दोष त्याच्यातच आहे. दुरुस्तीला नेताना चार आकडे कागदावर लिहून न्या: बॅटरीवर लोडविना, बॅटरीवर लोडसह, इन्व्हर्टरच्या टोकावर लोडसह, आणि लावलेल्या वस्तूचे वॉट.