ईपीएस फाइल उघडताना या चुका टाळा

इमेजिंग सॉफ्टवेअरमध्ये ईपीएसचा (एन्कॅप्सुलेटेड पोस्टस्क्रिप्ट) सपोर्ट द्यायचा म्हटलं की जेपेग, पीएनजीच्या रांगेत आणखी एक डिकोडर बसवायचा, असंच बहुतेकांना वाटतं. ईपीएस ही चित्राची फाइल दिसते, पण असतो तो पोस्टस्क्रिप्ट भाषेत लिहिलेला प्रोग्राम. अडोबीने १९८४ साली आणलेली ही चांगली पूर्ण प्रोग्रामिंग भाषा आहे, तिच्यात लूप आहेत, अटी आहेत. म्हणजे ही फाइल 'वाचायची' नसते, चालवायची असते. खालच्या बहुतेक भानगडी हे विसरल्यामुळेच होतात.

सगळ्यात जास्त डोकं खातं ते बाउंडिंगबॉक्स. चित्राची चौकट सांगणारी ही ओळ साध्या कॉमेंटसारखी, दोन टक्के-चिन्हांनी सुरू होते आणि तिच्यात चार आकडे असतात. अनेक जण शेवटचे दोन आकडे सरळ रुंदी-उंची म्हणून घेतात. ते असतात वरच्या उजव्या कोपऱ्याचे निर्देशांक. डावा-खालचा कोपरा शून्यावर असेलच असं नाही, कधी ऋणही असतो. वजाबाकी करा आणि रेंडर करताना (म्हणजे प्रोग्राम चालवून पिक्सेलचं चित्र काढताना) चित्र तेवढं सरकवा, नाहीतर अर्धं चित्र कापलं जाईल. आकडे नियमाने पूर्णांक हवेत, पण दशांश लिहिणारी सॉफ्टवेअर भरपूर आहेत. काही फाइलींत आकड्यांच्या जागी '(अ‍ॅटएंड)' एवढंच येतं; मग खरी ओळ फाइलच्या शेवटी शोधावी लागते. माझ्या पार्सरने (फाइल वाचणाऱ्या कोडने) एकदा भलतीच चौकट उचलली होती, कारण त्या ईपीएसच्या पोटात दुसरी ईपीएस होती आणि तिची स्वतःची चौकट होती. दिवसभर मी रेंडररला शिव्या घातल्या.

'फाइल ओळखता येत नाही' अशी तक्रार आली तर पहिले चार बाइट बघा. सुरुवातीला '%!' नसून हेक्समध्ये सी५, डी०, डी३, सी६ दिसले तर ती डॉसची ईपीएस आहे: ३० बाइटचं बायनरी हेडर, त्यात पोस्टस्क्रिप्ट कुठून सुरू होतं आणि किती लांब आहे ते, शिवाय टिफ किंवा डब्ल्यूएमएफ स्वरूपातल्या प्रीव्ह्यूचा (झलक दाखवणाऱ्या चित्राचा) पत्ता. चित्र उघडतंय पण धूसर दिसतंय? बहुधा तुम्ही तो प्रीव्ह्यूच दाखवताय.

रेझोल्यूशनचं गणित मात्र सोपं आहे. एकक पॉइंट, इंचाला ७२. रेंडर होऊन गेल्यावर चित्र मोठं करू नका, आधीच हव्या डीपीआयला (इंचाला किती पिक्सेल) रेंडर करा. इमेजमॅजिक या चित्रं बदलणाऱ्या टूलमध्ये डेन्सिटीचा (डीपीआयचा) पर्याय फाइलच्या नावाआधी द्यावा लागतो. नंतर दिला तर रेंडरिंग ७२ लाच होऊन गेलेलं असतं. पण वापरकर्त्याला मोकळं रानही देऊ नका: २० × ३० इंचांचं चित्र ६०० डीपीआयला म्हणजे २१.६ कोटी पिक्सेल, पिक्सेलला ४ बाइट धरले तर ८६ कोटींहून जास्त बाइट मेमरी.

आता सुरक्षा. अनोळखी माणसाचा प्रोग्राम आपण चालवतोय, हे इथे सगळ्यात महागात पडतं. पोस्टस्क्रिप्ट चालवायला घोस्टस्क्रिप्ट हा प्रोग्राम वापरतात, इमेजमॅजिकही तोच वापरतं. त्याचा 'सेफर' मोड, म्हणजे फाइलींपर्यंतची पोच रोखणारा, ९.५० आवृत्तीपासून आपोआप चालू असतो. जुन्या आवृत्तीत तो स्वतः द्यावा लागतो. २०१८ मध्ये घोस्टस्क्रिप्टमधल्या गंभीर त्रुटी उघड झाल्या आणि अनेक लिनक्स वितरणांनी इमेजमॅजिकच्या पॉलिसी फाइलमध्ये (काय चालवायचं ते ठरवणाऱ्या) पीएस, ईपीएस बंद करून टाकले. 'परवानगी नाही' ही एरर तिथूनच येते. ती ओळ पुसून टाकणं हा लोकप्रिय उपाय, पण सर्व्हरवर लोकांच्या फाइली घेत असाल तर तो करू नका. रेंडरर वेगळ्या, मर्यादित प्रोसेसमध्ये ठेवा आणि त्याला वेळेची मर्यादा घाला. कधीच न संपणारा लूप लिहायला एक ओळ पुरते.

पार्श्वभूमी पांढरी आली तर तो फाइलचा दोष नव्हे. पोस्टस्क्रिप्टमध्ये अर्धपारदर्शकता नाहीच; न रंगवलेला भाग पारदर्शक हवा असेल तर घोस्टस्क्रिप्टचं अल्फावालं पीएनजी डिव्हाइस निवडा. रंग भडक दिसले तर फाइल सीएमवायके (छपाईच्या चार रंगांची) असण्याची शक्यता मोठी. आयसीसी प्रोफाइल (रंगांचं वर्णन करणारी माहिती) लावून आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या रंगांत बदला.

आणि घोस्टस्क्रिप्ट आपल्या उत्पादनात बांधून देण्याआधी त्याचा परवाना वाचा. तो एजीपीएल आहे, म्हणजे सोर्स खुला करण्याची अट घालणारा. सोर्स बंद ठेवायचा असेल तर व्यावसायिक परवान्याची चौकशी रिलीजच्या आदल्या आठवड्यात नको.