वाळा जमिनीत उभा असताना कसा ओळखायचा आणि शोधायचा कुठे

वाळ्याचा वास आपल्याकडे सगळ्यांना माहितीये, माठात टाकायची जुडी कुणीही ओळखेल, पण तोच वाळा तळ्याच्या काठाला जिवंत उभा असला की बहुतेक जण 'गवत आहे काहीतरी' म्हणून पुढे जातात. कारण वास मुळांना असतो, पानांना नाही. मग खात्री करायला लोक अख्खा ठोंब उपटतात, आणि मला कळकळीने सांगायचंय ते हेच की उपटायची अजिबात गरज नसते, वाळा जमिनीच्या वरच ओळखता येतो, फक्त शेंड्याकडे न बघता बुडाकडे बघायचं.

आधी लांबून बघा. वाळ्याचे ठोंब सुटे सुटे असतात. जमिनीखालून आडवे धावणारे कोंब याला नसतात त्यामुळे तो पसरत नाही, एकेक ठोंब जागच्या जागी दाट होत जातो आणि दोन ठोंबांमधून आरामात चालता येतं. पानं अरुंद, साधारण 1 सेंटिमीटरच्या आतच, पण लांब आणि ताठ, फक्त टोकाकडे जरा वाकलेली. तुऱ्यावर आलं की अख्खं गवत माणसाच्या डोक्याच्या वर जातं.

आता खाली बसा आणि पानं बाजूला करून बुडाशी बघा, खरी ओळख इथे आहे. फुटवे तळाशी गोल नसतात, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे असतात आणि पानांचे तळ एकात एक बसून उघडलेल्या हातपंख्यासारखी रचना दिसते. बोटांच्या चिमटीत धरून बघा, चपटेपणा आणि मधली कड लगेच लागते. मग पानाच्या कडेवरून बोट हळूच फिरवा, वरच्या भागात कड खरखरीत लागते (जोरात ओढू नका, बोट कापतं). पान चुरगाळून वास घ्या, नुसता हिरव्या गवताचा आला तर ठीक, लिंबासारखा आला तर तो गवती चहा किंवा त्याचा कुणी भाऊबंद.

तुरा बघायचा असेल तर पावसाळा ओसरायला लागल्यावर जा, ते दिवस बेस्ट. मधल्या उभ्या दांड्यावर ठराविक अंतराने बारीक बारीक फांद्यांची वर्तुळं असतात, रंग जांभळट किंवा तपकिरी छटेचा, आणि त्यात पांढरे रेशमी केस अजिबात नसतात. जवळ भिंग असेल तर एक छोटं फूल हातावर घेऊन बघा, बाहेरच्या आवरणावर बारीक काटेरी उंचवटे दिसतात आणि अशी फुलं जोडीने असतात, एक दांड्याला चिकटून बसलेलं आणि शेजारी एक देठावरचं. हे दिसलं आणि बूडही चपटं असलं की माझ्या मते शंका उरत नाही. पण तुरा दिसला नाही म्हणून वाळा नाही असं समजू नका, लागवडीतले काही प्रकार क्वचितच फुलतात.

गोंधळ होतो तो शेजाऱ्यांमुळे. कास म्हणजे कसाड, त्याचा पांढराशुभ्र केसाळ तुरा लांबूनच चमकतो आणि ते जमिनीखालून पसरत जातं. नळ किंवा बोरू, त्याचा दांडा पोकळ आणि कांड्याकांड्यांचा, पानं रुंद आणि दांड्यावर वरपर्यंत लागलेली, वाळ्याची पानं मात्र बहुतेक सगळी बुडातून येतात. पाणकणीस तर कणसावरूनच ओळखू येतं, ते गवत नाहीच. नागरमोथ्याच्या बाबतीत मात्र सावध, कारण त्याच्याही जमिनीखालच्या गाठींना सुगंध असतो, पण त्याचा दांडा तीनधारी असतो, बोटात फिरवला की धारा कळतात.

आता कुठे शोधायचा. ओढे-नद्यांचे काठ, तळ्याची कड, पावसात पाणी साचतं आणि उन्हाळ्यात भेगा पडतात अशी सखल जमीन, भारी चिकण मातीची असेल तर अजून चांगलं. बारमाही खोल पाण्यात नको शोधू, तिथे नळ आणि पाणकणीस असतात, वाळा त्यांच्या मागे कडेला, जिथे पाणी येतं आणि जातं. ऊन भरपूर लागतं, दाट झाडीच्या सावलीत तो टिकत नाही. राजस्थानातलं भरतपूरचं केवलादेव उद्यान, जे 1981 मध्ये रामसर यादीत (म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) गेलं, तिथे वाळ्याची उंच गवताळ कुरणं आहेत आणि तिथलं चक्र नेमकं असंच, पावसात पाणथळ भरतं आणि उन्हाळ्यात बरंचसं आटतं. वाढीचा कोंब मातीच्या किंचित खाली असतो म्हणून गुरांनी चरलं किंवा वणव्यात जळलं तरी तो परत फुटतो, त्यामुळे काळे पडलेले ठोंब दिसले तरी बूड तपासा.

मुळाचा वास घ्यायचाच असेल तर काठ ढासळलेला शोधा. मुळं सरळ खाली जातात, 3 मीटर किंवा त्याहूनही खोल, आणि पाण्याने माती कापली की झुपकेच्या झुपके बाहेर लोंबतात. त्यातलं एखादं मूळ तोडून चुरगाळा, बस झालं. तेच झुपके तो काठ धरून ठेवतात, ठोंब काढला तर पुढच्या पुरात माती जाणार, आणि मुळंच हवी असतील तर वाळ्याची शेती होते, जंगली ठोंबाला हात लावायचं काही कारण नाही.

अजून एक, सरळ रांगेत ठोंब दिसले तर ते बहुधा लावलेले. 1980 च्या दशकात वर्ल्ड बँकेने आपल्याकडे माती अडवायला वाळ्याच्या रांगा लावायचा बराच प्रचार केला होता आणि बांधांवर, रस्त्याच्या उतारांवर अजूनही लावतात, त्यामुळे नोंद करताना नैसर्गिक की लावलेला हे जरूर लिहा. फोटो चार तरी काढा, अख्खा ठोंब, चपटं बूड, तुरा जवळून आणि आजूबाजूची जागा पाण्यासकट, नुसत्या पानांच्या फोटोवरून कुणीही खात्रीने सांगू शकणार नाही. आणि लांब बाह्यांचा शर्ट घाला, हातात काठी ठेवा, अशा दाट ठोंबांत साप असू शकतात.