व्ही-नेल यंत्राचा सांधा उघडा राहत असेल तर

फोटो फ्रेमचा कोपरा उघडा राहिला की पहिला संशय व्ही-नेल यंत्रावर, म्हणजे इंग्रजी V आकाराचा खिळा हवेच्या दाबाने खालून सांध्यात मारणाऱ्या यंत्रावर जातो आणि कारागीर हवेचा दाब वाढवत राहतो. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या दुकानात हे यंत्र चालवताना माझे मत पक्के झाले आहे की बहुतेक फटी फ्रेमची पट्टी यंत्रावर येण्याआधीच तयार झालेल्या असतात. म्हणून पान्याला हात लावण्याआधी फट नेमकी कोठे आहे, ते पाहावे.

कापलेली दोन टोके खिळा न मारता गुण्याला (काटकोन तपासण्याच्या साधनाला) टेकवून उजेडासमोर धरावीत. बाहेरचे टोक मिटलेले आणि काचेकडच्या बाजूने उजेड दिसत असेल, तर टोकाचा कोन 45 अंशांपेक्षा कमी कापला गेला आहे. आतली बाजू मिटून बाहेरचे टोक उघडे असेल, तर तो जास्त आहे. प्रत्येक कापात अर्ध्या अंशाची चूक असली तरी आठ कापांची मिळून ती चार अंश होते, आणि तीन कोपरे ओढूनताणून बसवले की सगळी चूक चौथ्यात उघडी पडते. कोन बरोबर असूनही चौथा कोपरा जुळत नसेल, तर समोरासमोरच्या पट्ट्या पाठीला पाठ लावून त्यांची लांबी ताडून पाहावी.

या परीक्षेत उतरलेला कोपरा खिळा मारल्यावर उघडला, तरच दोष यंत्रात शोधावा. दाबमापकाचा काटा यंत्र स्वस्थ असताना न पाहता पेडल दाबलेले असताना पाहावा, कारण नळी गळत असेल किंवा फिल्टर तुंबला असेल तर स्वस्थ असताना बरोबर दिसणारा काटा त्या क्षणी खाली येतो आणि खिळा अर्ध्यावर अडकतो. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत फार पाणी साठते, ते रोज तळाची तोटी उघडून काढावे.

दाब ठीक असूनही खिळा वाकत असेल, तर टाकाऊ तुकड्यांचा एक सांधा जोडून तो हाताने मोडावा आणि खिळा चिमट्याने उपसून नीट पाहावा. धारेची बाजू वर आहे ना, खिळ्याचे दोन्ही पंख सारखे आत गेले आहेत ना, की एक मुडपला आहे, हे त्या एका खिळ्यावरून कळते. सागवानासारख्या कठीण लाकडाला मऊ लाकडासाठी बनवलेले खिळे चालत नाहीत. खिळ्याची उंची पट्टीच्या जाडीच्या अर्ध्याहून थोडी जास्त असावी. फार आखूड खिळा तळ आवळतो पण वरची बाजू उघडी ठेवतो, तर फार लांब खिळा पुढच्या पॉलिशवर उमटतो. बाहेरच्या टोकाच्या अगदी जवळ खिळा मारल्यास लाकूड चिरते. खिळ्यांची वाट तुंबली असेल, तर आधी हवेची नळी काढावी आणि मगच बोटे आत घालावीत. तेथे बहुधा खिळे एकमेकांना चिकटवून केलेल्या पट्टीवरचा वाळलेला गोंद सापडतो. खिळा वर ढकलणाऱ्या पात्याची कड गोल झाली असेल, तर ते बदलण्यावाचून उपाय नाही.

खिळा केवळ सांधा धरून ठेवतो, त्याला बळ देतो तो गोंद. लाकडाच्या दोन्ही तोंडांना फेव्हिकॉल पातळ लावून मगच पेडल दाबावे. सिंथेटिक (प्लास्टिकच्या) पट्टीला मात्र हा पांढरा गोंद धरत नाही, तिच्यासाठी वेगळा घ्यावा.

दुकानातून नीट गेलेली फ्रेम दोन महिन्यांनी काचेकडच्या बाजूने उघडून परत आली, तर यंत्राला बोल लावू नये. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटते. त्यामुळे खाडीकाठच्या दमट हवेत जोडलेली रुंद पट्टी एसीच्या कोरड्या खोलीत टांगली की तिच्या टोकाचा कोन बारीक होतो आणि आतली बाजू सुटते. रुंद पट्ट्या जमिनीपासून उंच, भिंतीपासून सुट्या ठेवाव्यात आणि जुलै-ऑगस्टमध्ये कापण्यापूर्वी त्या आठवडाभर कोरड्या खोलीत राहू द्याव्यात. उघडलेल्या सांध्यात दुसरा खिळा ठोकण्याचा मोह आवरावा. सांधा पूर्ण सोडवून जुना गोंद खरवडावा, टोके नव्याने कापावीत आणि फ्रेम त्या मानाने किंचित लहान होईल, हे ग्राहकाला आधीच सांगावे.