आयफोन एसईला आयफोन ८ चे पार्ट: काय बसतं, काय बसत नाही

फोनची नवी बॉडी काढायची म्हणजे साचे, जिग (पार्ट धरून ठेवणाऱ्या चौकटी), तपासणीची यंत्रं असं सगळंच नव्याने करावं लागतं. हा खर्च टाळण्यासाठी अ‍ॅपलने एसई या स्वस्तातल्या मॉडेलमध्ये जुनी बॉडी ठेवून आतला बोर्ड (चिप असलेली मुख्य सर्किटची पाटी) बदलला. २०१६ चा पहिला एसई म्हणजे आयफोन ५एसच्या बॉडीत ए९ चिप. २०२० च्या एसईत आयफोन ८ ची बॉडी आणि आयफोन ११ मधली ए१३ चिप आहे. २०२२ च्या एसईत पुन्हा तीच बॉडी, पण ए१५ आणि ५जी. आयफोन ८ चे पार्ट बाजारात भरपूर मिळतात, म्हणून दुरुस्तीत याचा फायदा २०२० च्या एसईला सर्वांत जास्त होतो. मात्र बॉडी सारखी आहे म्हणून प्रत्येक पार्ट चालेल असं समजू नका. मापात बसणं आणि बोर्डाला जोडलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी मॉडेल नंबर पाहा

सेटिंग्ज, जनरल, अबाउटमध्ये जाऊन मॉडेल नंबरवर एकदा बोट टेकवा, म्हणजे 'ए'ने सुरू होणारा नंबर दिसेल. ए२२७५, ए२२९६ किंवा ए२२९८ असेल तर २०२० चा एसई. ए२५९५ किंवा ए२७८२ ते ए२७८५ असेल तर २०२२ चा. ए१८६३, ए१९०५, ए१९०६, ए१९०७ हे आयफोन ८ चे नंबर.

जुना फोन विकत घेतानाही हे तपासा. मापं सारखीच (१३८.४ × ६७.३ × ७.३ मिमी) असल्यामुळे आयफोन ८ ला एसईची मागची काच लावून एसई म्हणून विकता येतो. नुसत्या पाठीकडे बघून फसू नका. एसईचा लोगो पाठीच्या मधोमध असतो आणि ८ चा वरच्या बाजूला, पण काच बदलली की ही खूण संपली. आयफोन ८ चं अपडेट आयओएस १६ वर थांबलं आहे, तर २०२० चा एसई आयओएस २६ पर्यंत जातो. सॉफ्टवेअर अपडेटच्या पानावर १६ च्या पुढचं काही दिसतच नसेल तर हातातला फोन ८ आहे हे उघड आहे.

२०२० च्या एसईत ८ चं काय चालतं

डिस्प्ले (बाजारात ज्याला फोल्डर म्हणतात तो), मागचा कॅमेरा, टॅप्टिक इंजिन (फोन थरथरवणारी मोटर) आणि सिमचा ट्रे हे सरळ बसतात आणि चालतात. डिस्प्लेबाबत तीन गोष्टी लक्षात ठेवा. आयफोन ८ च्या डिस्प्लेतला थ्रीडी टच (बोटाचा दाब ओळखण्याची सोय) एसईत चालत नाही, कारण एसईत ती सोयच नाही. पांढऱ्या कडेचा फोल्डरही बसतो, पण एसई कंपनीकडून फक्त काळ्या कडेचा येत असे, त्यामुळे काळाच मागा. आणि ट्रू टोन (आजूबाजूच्या उजेडाप्रमाणे स्क्रीनचा रंग जुळवण्याची सोय) जातो. त्याची माहिती डिस्प्लेवरच्या छोट्या चिपमध्ये असते. दुकानदाराकडे प्रोग्रामर नावाचं यंत्र असेल तर जुन्या डिस्प्लेतून ती वाचून नव्यात लिहिता येते. म्हणून फुटलेला फोल्डर काम होईपर्यंत टाकू नका.

कॉपी (अस्सल नसलेला) फोल्डर घेताना जपून. २०१८ मध्ये आयओएस ११.३ टाकल्यावर काही आयफोन ८ चे बाहेरून बसवलेले डिस्प्ले टचला दाद देईनासे झाले होते. ११.३.१ मध्ये अ‍ॅपलने ते दुरुस्त केलं. जुन्या फोनमधून काढलेला अस्सल फोल्डर मिळत असेल तर तो थोडा महाग पडला तरी घ्यावा, असं आमचं मत.

काय चालत नाही

बॅटरी. दोन्ही फोनची बॅटरी १८२१ एमएएचची आणि आकाराने सारखी दिसते, पण बोर्डाला जोडायचा कनेक्टर वेगळा आहे. ८ ची बॅटरी एसईच्या बोर्डावर बसत नाही. ती दाबून बसवायचा प्रयत्न केला तर बोर्डावरचा सॉकेट मोडतो आणि मग बॅटरीच्या कामाचं बोर्डाचं काम होऊन बसतं. बॅटरीची पट्टी कापून दुसरी डाग देऊन लावणारेही भेटतात. लिथियम सेलजवळ सोल्डरिंगची उष्णता नेणं धोक्याचं आहे, ते करू देऊ नका. एसई २०२० च्या नावाचीच बॅटरी मागा. नवी बॅटरी बसवल्यावर ती अस्सल असल्याची खात्री होत नाही असा संदेश सेटिंग्जमध्ये येऊ शकतो आणि बॅटरी हेल्थही कदाचित दिसणार नाही. फोन मात्र चालतो, चार्जही होतो.

होम बटण. हे बोर्डाशी जोडीने बांधलेलं असतं. दुसऱ्या फोनचं बटण लावलं तर टच आयडी (बोटाच्या ठशाने फोन उघडणं) जातोच, शिवाय हे बटण खरं दाबलं जात नसल्यामुळे होमवर जाण्याचं कामही बंद पडतं. मग असिस्टिव्ह टचवर, म्हणजे स्क्रीनवरच्या बटणावर, भागवावं लागतं. म्हणून मूळ बटण जपून नव्या फोल्डरवर चढवायचं. फोल्डर बदलण्यातलं सगळ्यात नाजूक काम हेच.

चार्जिंगची पट्टी आणि स्पीकर एसईच्याच नंबरचे घ्या.

फोल्डर बदलताना

हत्यारं: पेंटालोब पी२, फिलिप्स ००० आणि वाय००० असे तीन स्क्रू ड्रायव्हर, सक्शन कप, प्लास्टिकचे पिक, चिमटा, हेअर ड्रायर, नवी चिकट सील. फोन २५ टक्क्यांपेक्षा कमी चार्जवर आणून बंद करा.

चार्जिंग पोर्टच्या दोन्ही बाजूंचे दोन स्क्रू काढा. खालची कड गरम करा, होम बटणाच्या वर सक्शन लावून ओढा, फट पडली की पिक घाला. डावी कड मोकळी करा. उजवीकडे पिक खोल घालू नका, रिबन (डिस्प्लेच्या चपट्या वायरी) तिथेच आहेत. वरच्या कडेला क्लिप असतात, तिथे उचकटायचं नाही, डिस्प्ले किंचित खाली सरकवायचा. मग डावीकडून उजवीकडे पुस्तकाच्या पानासारखा उघडा आणि कशाला तरी टेकवून उभा ठेवा.

खालचा पत्रा काढा. त्याचे चार स्क्रू दोन लांबींचे असतात, १.३ आणि २.८ मिमी. कोणता कुठून निघाला ते कागदावर तसेच मांडून ठेवा. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला तर तो बोर्डाच्या थरात घुसतो आणि फोन कायमचा जाऊ शकतो. आता सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, डिस्प्लेचे त्यानंतर. बॅटरी जोडलेली असताना डिस्प्ले काढला किंवा लावला तर बॅकलाइटचा सर्किट उडतो: फोन चालू असतो, चित्रही असतं, पण टॉर्च मारल्याशिवाय दिसत नाही. वरचा सेन्सरचा कनेक्टर तीन स्क्रूंच्या पत्र्याखाली आहे.

होम बटणाचा पत्रा वाय००० च्या चार स्क्रूंनी धरलेला असतो. बटणाची रिबन कागदासारखी पातळ आणि चिकटवलेली असते. थोडी ऊब द्या, पिकने हळूहळू सोडवा, ओढू नका. पुढचा कॅमेरा आणि सेन्सरची पट्टीही आपलीच जुनी काढून लावा.

सील लावण्याआधी सगळं जोडून तपासा. एखादा आयकॉन धरून स्क्रीनच्या चारही कडांपर्यंत फिरवा, फोन लावून कानाशी न्या आणि स्क्रीन बंद होते का पाहा, पुढचा कॅमेरा आणि बोटाचा ठसा तपासा. रेघा दिसल्या किंवा टच अर्धाच चालला तर बहुतेक वेळा कनेक्टर नीट बसलेला नसतो. बॅटरी सोडवून पुन्हा बसवा. एकदा उघडलेल्या फोनच्या आयपी६७ वर (पाणी-धुळीपासूनच्या संरक्षणावर) विसंबू नका, सील नवी असली तरी.

बॅटरी काढताना

बॅटरी चार चिकट पट्ट्यांवर असते. खालच्या पट्ट्यांपर्यंत पोचायला टॅप्टिक इंजिन काढावं लागतं. पट्टी जमेल तितकी आडवी आणि हळू ओढा, बॅटरीच्या कडेवर घासू देऊ नका. तुटलीच तर ९० टक्क्यांहून जास्त तीव्रतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचे काही थेंब सोडा, मिनिटभर थांबा आणि दात स्वच्छ करायचा धागा खालून फिरवा. धातूचं पातं घालू नका. सेलला भोक पडलं तर आग लागते, आणि बॅटरीखालीच वायरलेस चार्जिंगची कॉइल असते, ती फाटली तर वायरलेस चार्जिंग गेलं.

बाकीचे एसई

२०२२ च्या एसईत वेगळी, २०१८ एमएएचची बॅटरी आहे. वरची यादी त्याला जशीच्या तशी लावू नका, पार्ट मागताना २०२२ असं स्पष्ट सांगा. कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास मात्र ८ चेच चालतात. २०१६ च्या एसईला आयफोन ५एसचा डिस्प्ले चालतो, पण बॅटरीचा कनेक्टर तिथेही वेगळाच आहे. एसईची बॅटरी १६२४ एमएएचची, ५एसची १५६० ची. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात असो की ऑनलाइन, 'दोन्हीला चालते' असं सांगणाऱ्या विक्रेत्याकडून बॅटरी घेताना कनेक्टरचा फोटो मागवून आपल्या जुन्या बॅटरीशी ताडून पाहा, मगच पैसे द्या.